फिल्म स्कूल की थेट सेट?

चित्रगुप्त: भाचीला दिग्दर्शक व्हायचंय, त्यासाठी फिल्म स्कूलची प्रवेशपरीक्षा देणार म्हणते. मला हा वेळेचा अपव्यय वाटतो. त्यापेक्षा एखाद्या दिग्दर्शकाच्या हाताखाली राबावं. जपानी दिग्दर्शक कुरोसावा 1936 साली स्टुडिओत सहायक म्हणून लागला, दिग्दर्शक काजिरो यामामोतोकडे घडला, 1943 मध्ये त्याचा पहिला चित्रपट आला. फिल्म स्कूलची पायरी तो चढलाच नव्हता.

रशेस: तो स्टुडिओंचा जमाना होता हो. पगारी नोकरी, वर यामामोतोसारखा माणूस, जो सहायकांना पटकथा लिहायला लावायचा, संकलनालाही बसवायचा. आज तिसऱ्या सहायकाच्या वाट्याला काय येतं? कॉल शीट (शूटिंगच्या दिवसाचं वेळापत्रक) वाटा, नटांना बोलावून आणा, कंटिन्युइटीचे (शॉटमागून शॉट जुळावेत म्हणून) फोटो काढा. तेही शिकणंच आहे, नाही म्हणत नाही. पण कॅमेरा कुठे ठेवायचा, हे त्याला वर्षानुवर्षं कुणी विचारत नाही. शाळेत पहिल्याच सरावात ठरवावं लागतं, आणि फसलं तर निर्मात्याचे पैसे बुडत नाहीत.

चित्रगुप्त: पालकांचे बुडतात ना! दिग्दर्शक क्रिस्टोफर नोलन इंग्रजी साहित्य शिकला. कॉलेजच्या फिल्म सोसायटीचा कॅमेरा वापरून हात बसवला.

टेबलावरचा: कॅमेऱ्याचं काय घेऊन बसलात? मॉस्कोत 1919 साली सरकारी फिल्म स्कूल निघालं, तेव्हा कच्च्या फिल्मचीच टंचाई होती. तिथे शिकवणाऱ्या कुलेशोवचे विद्यार्थी रंगमंचावर तुकड्यातुकड्यांत प्रसंग करून शॉट कसे जुळतील ते दाखवायचे. मी संकलक, म्हणून पक्षपाती आहेच. पण भाचीने आधी काही महिने दुसऱ्यांचे रशेस (शूटिंगचं कच्चं चित्रण) कापावेत. नट ग्लास उजव्या हातात धरून दारातून आत येतो आणि खुर्चीत बसेपर्यंत ग्लास डाव्या हातात गेलेला असतो. ही चूक झाकायला क्लोजअप हवा, तो कुणी घेतलेलाच नाही. अशी एक रात्र काढली की पुढे शूटिंगला जाताना शॉटची यादी आपोआप नीट होते.

रशेस: मान्य. पण ध्वनिमुद्रण, छायाचित्रण, संकलन शिकणारी पोरं एकाच आवारात आणखी कुठे भेटणार? स्वतःची फिल्म दाखवायची गरज त्यांनाही असते, म्हणून जीव तोडून काम करतात. फक्त प्रवेशाआधी चौकशी करा: एका विद्यार्थ्याला स्वतः दिग्दर्शित केलेल्या किती फिल्म पूर्ण करता येतात, आणि त्यांचे हक्क कुणाकडे राहतात? उत्तर गोलमाल आलं तर दुसरीकडे बघा.

चित्रगुप्त: आणि फीसाठी कर्ज काढावं लागलं तर?

रशेस: मग नको. हप्ते भरायला मिळेल ते काम घेत बसेल, स्वतःची पटकथा कधी लिहिणार?

चित्रगुप्त: तिला संकलनाचं सुचवतो. शाळेबद्दल मत तेच.