मिक्सरमध्ये वाटण बारीक होत नाही, मध्येच बंद पडतो. काय चुकतंय?

चिमूटभर:
मिक्सर ७५० वॅटचा, तीन भांडी, वापर रोजचा. अडचणी अशा:
आलं-लसूण लहान भांड्यात घातलं की दोन सेकंदांत भिंतीला चिकटतं आणि पातं नुसतंच फिरत राहतं. पाणी वाढवलं की वाटण पातळ होतं, तुकडे मात्र तसेच. बदामाची पूड करायला जावं तर तेलकट गोळा होतो. मोठं भांडं भरून वाटताना मिक्सर अचानक बंद पडतो, मग १५-२० मिनिटं थांबून खालचं लाल बटण दाबलं की चालू होतो. शिवाय मधल्या भांड्याच्या बुडातून पाणी ठिबकतं. जाडं मीठ फिरवून पात्याला धार लावली तर यातलं काही सुटेल का?

खलबत्ता:
आधी वाटणाचं. धार हा तिथला मुद्दाच नाही. रिकामं पातं मिनिटाला १८-२० हजार फेरे घेतं. सुरुवातीलाच ३ नंबरवर टाकलं की सगळा माल भिंतीकडे फेकला जातो आणि पात्याभोवती हवेची पोकळी तयार होते. कान देऊन ऐका, आवाज एकदम चढा आणि मोकळा झाला की पात्याला काही लागत नाहीये. त्यानंतर कितीही वेळ चालवा, उपयोग शून्य. उलट आवाज खाली बसून घरघर सुरू झाली तर माल जास्त झालाय किंवा फार घट्ट आहे. चांगलं वाटण होत असतं तेव्हा आवाज या दोन्हींच्या मधला, एकसारखा असतो आणि वरून पाहिलं तर मध्ये खड्डा पडून माल आत ओढला जाताना दिसतो.

करायचं असं: आलं आडवं, पातळ चकत्यांत कापा, म्हणजे धागे लांब राहत नाहीत. पाणी न घालता उलट्या बाजूच्या झटक्यावर (पल्स) एकेक सेकंदाचे ८-१० झटके द्या. प्लग काढा, चमच्याने भिंतीचं खाली ओढा, पुन्हा ४-५ झटके. सगळं रवाळ झाल्यावरच पाणी, तेही १०० ग्रॅमला १ टेबलस्पून. आता १ नंबर, दहा सेकंदांनी २, आणि खड्डा पडल्यावर ३. पाणी आधी घातलं तर मोठे तुकडे त्यात तरंगत पात्याला चुकवत राहतात, तुमच्याकडे नेमकं हेच होतंय.

आणि पातं बुडेल एवढा तरी माल हवाच. चार पाकळ्या लसूण मिक्सरला देऊ नये, ठेचून घ्यावा.

आर्मेचर:
लाल बटण म्हणजे ओव्हरलोडचं संरक्षण. ते उडतंय म्हणजे मोटर जास्त करंट खेचतेय. बटण उडालं की प्लग काढा, भांडं उतरवा, थोडा माल कमी करा, मोटर गार होऊ द्या, मगच दाबा. लगेच दाबून तेवढाच माल पुन्हा रेटला तर वाइंडिंगचं (मोटरमधल्या तांब्याच्या तारेच्या गुंडाळीचं) वार्निश जळतं आणि मग मोटर बदलण्यावाचून इलाज नाही.

माप लक्षात ठेवा: कोरडं अर्ध्या भांड्यापर्यंत, ओलं दोन तृतीयांशापर्यंत, त्यावर नाही.

एक गैरसमज फार पसरलेला आहे: जड माल १ नंबरवर सावकाश वाटला की मोटरला आराम मिळतो. मोटर गार करणारा पंखा मोटरच्याच दांड्यावर बसवलेला असतो. वेग कमी म्हणजे वारा कमी. भार तेवढाच, वारा अर्धा, म्हणून घट्ट माल १ नंबरवर पाच मिनिटं फिरवणं हेच मोटरला सर्वांत वाईट. १ नंबर फक्त माल हलवून घेण्यापुरता. सलग किती वेळ चालवायचं याचं चालू-बंद चक्र पुस्तिकेत दिलेलं असतं, ते पाळा.

खालच्या जाळीतून बारीक निळसर ठिणगी दिसणं नेहमीचं. मोठ्या नारिंगी ठिणग्या, वेग कमी-जास्त होणं आणि जळका वास असं एकत्र आलं तर कार्बन ब्रश (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे) संपत आलेत. ते जोडीनेच बदलतात.

कोरडीपूड:
बदाम: फ्रीजमध्ये तासभर ठेवून, वरचा ओलावा पुसून, १०० ग्रॅमला १ टेबलस्पून साखर किंवा पीठ घाला (ज्या पदार्थात पूड जाणार त्यातलंच). दोन-दोन सेकंदांचे झटके, मध्ये भांडं हलवायचं. सलग फिरवलं की पात्याच्या घर्षणाने बदाम तापतो, तेल सुटतं, गोळा होतो. थोडी जाडसर राहिली तर चाळून वरचं पुन्हा टाका, पण ओढून ताणून एकाच वेळी मऊ करायला जाऊ नका.

भाजलेले मसाले मात्र पूर्ण गार होऊ द्या. कोमट असताना वाटले की झाकणाला वाफ धरते, पूड ओलसर होऊन पात्याखाली चिकटते, वासही उडतो. वाटून झाल्यावर मिनिटभर झाकण उघडू नका, बारीक धूळ आधी खाली बसू दे.

मिठाने धार थोडी तरी येते असं माझं मत, पातं चकाकतं.

आर्मेचर:
चकाकतं ते घासून मळ निघाल्यामुळे. स्टीलपेक्षा मीठ कितीतरी मऊ, कठीणपणाच्या मोह्स मापावर जेमतेम अडीच. ते पात्याला धार कशी लावणार? शिवाय मिठाचे कण बुशमध्ये (पात्याचा दांडा ज्यात फिरतो त्या नळीत) शिरले आणि नीट धुतले गेले नाहीत तर तिथे गंज धरतो. कडा गोल झाल्या असतील तर पातं बदलून घ्या.

आता गळतीचं. भांडं पाव भरा, बूड कोरडं पुसा, कागदावर २० मिनिटं ठेवा. नुसतं ठेवून कागद ओला झाला तर पात्याच्या दांड्याचं बुश किंवा सील गेलंय. भांडं उलटं करून खालचा कपलर (मोटरशी जुळणारी चकती) हाताने हलवून बघा: तो सहज फिरायला हवा, पण आडवा डुलता कामा नये. डुलत असेल तर बुश झिजलंय, पात्यासकट जोड बदला. घट्ट फिरत असेल तर आत माल वाळलाय. कोमट पाणी पाव भांडं, साबणाचे दोन थेंब, २० सेकंद फिरवा, उलटं करून वाळवा. रात्रभर सिंकमध्ये बुडवून ठेवण्याची सवय असेल तर ती आजच सोडा, त्यानेच बुशमधलं वंगण धुऊन जातं.

मोटरवरचा कपलर झिजला की त्याभोवती काळी भुकटी पडते. बदलताना जोर लावू नका, बऱ्याच मॉडेलमध्ये आटे उलटे असतात.

चिमूटभर:
कपलर डुलतोय, म्हणजे बुशच. एकच राहिलं, गरम सूप फिरवलं की झाकण उडतं.

खलबत्ता:
झाकणाखाली वाफ एकदम फुगते म्हणून. कोमट होऊ द्या, एक तृतीयांशच भरा, झाकणाची मधली टोपी काढून त्यावर दुमडलेलं फडकं धरा आणि १ नंबरवर सुरू करा.