मदत हवी आहे : वाईतील दगडी वाड्याची चुन्यातील दुरुस्ती

वाई येथील आमच्या जुन्या वाड्याची दुरुस्ती पावसाळा सरताच सुरू करावयाची असून, मूळचे दगड, चुना व सागवान शक्य तितके राखावे असा आमचा आग्रह आहे. जोते आणि खालचा मजला घडीव काळ्या दगडाचा, चुन्यात बांधलेला आहे. मागील पिढीत दरजा (दगडांमधील सांधे) सिमेंटने भरल्या गेल्या व माजघराला आतून सिमेंटचा गिलावा झाला. काळा दगड फारसे पाणी पीत नसल्याने भिंतीतली ओल पूर्वी चुन्याच्या दरजांतूनच बाहेर पडे, ती आता कोंडून आतल्या बाजूस कमरेइतक्या उंचीपर्यंत लोणा (क्षारांचा पांढरा थर) फुटला आहे आणि एका लाकडी तुळईचे भिंतीत बसलेले टोक बोट रुतावे इतके मऊ झाले आहे.

एका ठेकेदाराने सगळे पाडून आरसीसी करण्याचा सल्ला दिला. (उतरवलेले दगड मात्र त्याला स्वतःला हवे आहेत!)

दगडाच्या कडा न उडवता सिमेंटच्या दरजा कशा काढाव्यात? पिशवीतला तयार चुना चालेल, की भट्टीची कळी (भाजलेल्या चुनखडीचे खडे) आणून ती पाण्यात विरवून, घाणीत (चुना मळण्याच्या दगडी चाकाच्या चरात) मळूनच वापरावी? वाळू, सुरखी (विटांची भुकटी), गूळ व हिरड्याचे पाणी यांचे प्रमाण प्रत्यक्ष काम केलेल्यांनी कृपया सांगावे. तुळईचे केवळ कुजलेले टोक कापून जुन्या सागाचा सांधा देता येईल का, आणि सातारा-पुणे परिसरात असे काम करणारे गवंडी व सुतार कोणाच्या माहितीत आहेत का?