जीपचं मागचं डिफरेन्शियल (मागच्या चाकांना ताकद वाटणारे गिअर) घरी खोलू का? त्यातलं क्राऊन-पिनियन, म्हणजे मोठ्या-छोट्या दातचक्राची जोडी, आवाज करतंय

कोयनाकाठ
रामराम मंडळी. वडिलांची जुनी जीप आहे, शेतात आणि घाटात भरपूर चाललेली. दोन महिने झाले, ४० च्या वर गेलं की मागनं घूंऽऽ असा आवाज येतो, ॲक्सिलेटर सोडला की कमी होतो, दाबला की परत सुरू. पिनियनचं सील गळत होतं आणि मी नुसतं पुसत राहिलो ही माझीच चूक, परवा फिलरचा बोल्ट काढून बोट घातलं तर ऑइल लागेचना, खालून सोडलं तर जेमतेम अर्धा लिटर निघालं, काळं आणि चमकणारं. गॅरेजवाले म्हणतात स्क्रॅपमधली अख्खी असेंब्ली टाकू, पण तिच्या आत काय आहे कुणी बघितलंय? वडिलांनी ही गाडी जपलीय, मला ती आहे तीच नीट करायचीय. पाने, पुलर, जॅक, दोन घोड्या (गाडी टेकवायचे स्टँड) आहेत, प्रेस नाही. घरी जमेल का?

घाटवाट
भाऊ आधी खात्री करा. दाबल्यावर वाढतो आणि सोडल्यावर कमी होतो म्हणजे पिनियनचं बेअरिंग नाहीतर दातांची बैठक, हे बरोबर वाटतं. पण वळणावर आवाज बदलत असेल तर चाकाचं बेअरिंग बघा, आणि निघताना खट्ट वाजत असेल तर प्रोपेलर शाफ्टचा (मागच्या एक्सलला ताकद नेणाऱ्या दांड्याचा) क्रॉस, तो हाताने हलवून लगेच कळतो. आणि एक महत्त्वाचं, जुन्या जीपला हँडब्रेकचा ड्रम ट्रान्सफर केसच्या मागे शाफ्टवरच असतो, म्हणजे मागचा शाफ्ट सोडला की हँडब्रेक काही कामाचा राहत नाही!! पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावल्याशिवाय आणि चॅसी घोडीवर घेतल्याशिवाय खाली शिरू नका, नुसत्या जॅकवर तर अजिबात नाही.

उद्यमनगर_टर्नर
मी कोल्हापुरात मशीनवर काम करतो, हे काम पुष्कळ बघितलंय. माझं स्पष्ट मत: क्राऊन-पिनियनचे दात चांगले असतील तर फक्त बेअरिंगं आणि सील घरी बदलता येतात. दात गेले असतील आणि नवीन जोडी टाकायची असेल तर पहिल्यांदाच करणाऱ्याने अनुभवी माणूस शेजारी घ्यावा. जोडी कारखान्यात एकमेकांवर घासून बसवलेली असते, दोघांवर एकच नंबर कोरलेला असतो, एकाचा क्राऊन आणि दुसऱ्याचा पिनियन कधीच चालत नाही.

खोलायच्या आधी डायल गेजने बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) मोजून लिहून ठेवा, क्राऊनवर चार ठिकाणी. बेअरिंगच्या दोन्ही कॅपना पंचने खुणा करा, डाव्याला एक टिंब, उजव्याला दोन, कारण त्या हाउसिंगला लावूनच बोअर केलेल्या असतात, अदलाबदल झाली की बेअरिंग वाकडं दाबलं जातं. प्रत्येक बाजूच्या शिम (जाडी जुळवायच्या पातळ चकत्या) वेगळ्या तारेत ओवून ठेवा. एवढं केलंत तर निम्मी काळजी मिटली, लोक नेमके इथेच घाई करतात.

कोयनाकाठ
दादा धन्यवाद. काल खोललं. दात ४३ आणि ८, कुठे तुटलेलं खड्डे पडलेलं नाही, पिनियनचं पुढचं बेअरिंग मात्र निळं पडलंय आणि रोलरवर खवले. क्राऊन पिनियनवर बसवताना कुठला दात कुठे यायचा ते बघावं लागतं का? आणि प्रेस नसताना शिम बदलून पुन्हा पुन्हा बेअरिंग काढायचं कसं?

उद्यमनगर_टर्नर
पिनियनचं पुढचं, म्हणजे फ्लॅंजजवळचं (शाफ्ट जोडतात त्या चकतीजवळचं) बेअरिंगच आधी तेलाला मुकतं, त्यामुळे ते गेलं यात नवल नाही. ४३ आणि ८ ला सामाईक भाजक नाही, प्रत्येक दात फिरत फिरत सगळ्यांना भेटतो, त्यामुळे कुठूनही बसवा चालतं. सामाईक भाजक असलेल्या जोडीला खुणा असतात, त्या जुळवाव्याच लागतात.

शिमचा उपाय सोपा आहे, तुमचं जुनं बेअरिंग फेकू नका. आतलं भोक थोडं घासून हाताने सरकेल एवढं सैल करा, त्यावर सगळी मापं लावा आणि शेवटी फक्त एकदा नवीन बेअरिंग दाबून बसवा, तेवढ्यापुरतं कुठल्याही लेथवाल्याकडे प्रेस मिळेल. पिनियनचा ताण, म्हणजे त्याची बेअरिंगं किती घट्ट बसलीत ते, क्राऊन आणि सील नसतानाच बघायचा. फ्लॅंजला दोरी गुंडाळून स्प्रिंगच्या ताणकाट्याने ओढा, हळूहळू फिरत असताना काट्याचा आकडा घ्या, तो किलो गुणिले दोरीची त्रिज्या सेंटीमीटरमध्ये. ५ सेमीवर ५ किलो लागले तर २५ किलो-सेमी झाले. किती हवा ते मॅन्युअलमध्ये बघा, दुसऱ्या गाडीचा आकडा घेऊ नका.

मग दातांना निळा रंग लावून, क्राऊनला हाताने जरा रोखून पिनियन फिरवा. ठसा दाताच्या मध्यावर यायला हवा. दाताच्या टोकाकडे सरकला तर पिनियन क्राऊनपासून दूर आहे, पिनियनच्या तोंडामागची (दातांच्या बाजूची) शिम वाढवा. मुळाकडे गेला तर कमी करा. बॅकलॅश बहुतेक अशा एक्सलला ०.१५ ते ०.२० मिमीच्या आसपास असतो. शिम पुण्यात नाना पेठेत मिळतात, जुन्या जाडीच्याही, मायक्रोमीटर घेऊन जा.

घाटवाट
आणि ऑइल जीएल-५ (गिअर ऑइलचा दर्जा) चंच घाला, क्राऊन-पिनियनचे दात एकमेकांवर घसरतात म्हणून त्यांना त्या ऑइलमधला मसाला लागतो. आत चुंबक असेल तर तो आणि ब्रीदर (आतली हवा बाहेर सोडणारं छिद्र) साफ करा, ब्रीदर चोंदला की दाब वाढतो आणि नवीन सीलसुद्धा गळायला लागतं.

कोयनाकाठ
ब्रीदर खरंच चोंदलेला निघाला, चिखलाने पूर्ण बंद, सील गळण्याचं मूळ तिथेच असावं. दोन दिवस गेले, ठसा तिसऱ्या वेळी मध्यावर आला, बॅकलॅश ०.१८. आज पाटणपर्यंत नेऊन आणली, आवाज गेलाय, हाउसिंगला हात लावला तर कोमट होतं, सहज हात ठेवता येतो. वडील शेजारी बसले होते, परत येईस्तोवर एक शब्द बोलले नाहीत, घरी उतरल्यावर म्हणाले तेल पुन्हा ५०० किलोमीटरला बदल.