मदत हवी आहे : पीआरडीएसचा व्हॉल्व्ह हंटिंग करतोय, पोझिशनर बदलावाच लागेल का?

नमस्कार मंडळी,

चिक्कोडी भागातल्या एका साखर कारखान्यात इन्स्ट्रुमेंटला आहे. गाळप जोरात चालू आहे, त्यामुळे व्हॉल्व्ह लाइनीतून काढून टेबलावर घ्यायला कोणी देणार नाही, हे आधीच सांगतो.

पीआरडीएसच्या (स्टीमचं प्रेशर आणि तापमान उतरवणारी यंत्रणा) स्टीम व्हॉल्व्हवर जुना फ्लॅपर-नोझलवाला, हवेवर चालणारा न्यूमॅटिक पोझिशनर आहे, म्हणजे सिग्नलप्रमाणे व्हॉल्व्हचा दांडा (स्टेम) नेमक्या जागी नेणारा. डीसीएसकडून (कंट्रोल रूमची संगणक यंत्रणा) ४ ते २० मिलीअँपिअर येतं, आय-टू-पी (करंटचं हवेच्या दाबात रूपांतर करणारा) त्याचं ०.२ ते १.० किलो (दर चौ. सेंमी.) करतो आणि ते पोझिशनरला जातं. सप्लाय १.४ किलो. व्हॉल्व्ह एअर-टू-ओपन, हवा दिली की उघडणारा.

स्टेम एका जागी ठरतच नाही, सारखा वरखाली, म्हणजे हंटिंग. एक्झॉस्ट स्टीमचं प्रेशर नाचतं आणि पॅनवाले (साखर शिजवणारे) फोन करकरून डोकं खातात. शिवाय पहाटे सिग्नल वाढवला तरी व्हॉल्व्ह ढिम्म, मग एकदम उडी मारतो. ऊन वर आलं की उडी मारणं कमी होतं, हंटिंग मात्र दिवसभर.

प्रत्येक पाळीवाला येऊन झिरोचा स्क्रू थोडा फिरवून जातोय, त्यामुळं कॅलिब्रेशन आता कुठं आहे देव जाणे. फोरमन म्हणतात पोझिशनरच बदला. नवीन मागवायचा तर पर्चेसमधून कागद फिरून येईपर्यंत सीझन संपेल. तोवर पोझिशनर बायपासला टाकून, म्हणजे सिग्नलची हवा थेट व्हॉल्व्हला देऊन, चालवलं तर चालेल काय?

प्रतिसाद १

आधी त्या स्क्रूला कुणाला हात लावू देऊ नका. झिरो हलल्यानं व्हॉल्व्ह चुकीच्या जागी थांबेल, पण थांबेल तरी. हंटिंग त्यानं होत नाही.

पॅनेलवाल्याला सांगून लूप मॅन्युअलला घ्या (ऑटो कंट्रोल बंद) आणि १२ मिलीअँपिअरवर ठेवा. व्हॉल्व्हला वळसा घालणाऱ्या लाइनीच्या हँड बायपासवर एक माणूस उभा करा, लाइन स्टीमची आहे. मॅन्युअलला हंटिंग थांबलं तर पोझिशनरचा दोष नाही, डीसीएसमधल्या कंट्रोलरचं ट्यूनिंग बघा. नाही थांबलं तर पोझिशनरवरचे गेज वाचा. सिग्नलचा गेज ०.६ वर स्थिर असेल आणि आउटपुटचाच काटा हलत असेल, तर आय-टू-पी निर्दोष, दोष त्याच्या पुढे. सिग्नलच हलत असेल तर पोझिशनर उगाच खोलू नका.

पोझिशनर बायपासचं म्हणाल तर ॲक्च्युएटरची (हवेनं स्टेम हलवणारा भाग) स्प्रिंग ०.२ ते १.० ची असेल तरच चालेल. ०.४ ते २.० ची असेल तर सिग्नलच्या हवेवर व्हॉल्व्ह पुरता उघडणारच नाही. नेमप्लेट बघा. पोझिशनर रिव्हर्स ॲक्टिंग (सिग्नल वाढला की आउटपुट उतरणारा) किंवा स्प्लिट रेंज (सिग्नलच्या एका भागावरच चालणारा) असेल तर बायपासचा विचारच सोडा.

पहाटेचा त्रास मला तरी पाण्याचा वाटतो. हवेचा दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतलं पाणी सुटतं), लाइनीतल्या दाबाला धरून, तिथल्या सगळ्यात कमी तापमानापेक्षा निदान १० अंश खाली हवा. हवा सुकवणारा ड्रायर बंद पडला असेल तर आपल्याकडच्या डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत पाणी सुटणारच. फिल्टर रेग्युलेटरचा ड्रेन उघडून काय येतं ते कळवा.

धागाकर्ता

धन्यवाद काका. मॅन्युअलला पण हंटिंग तसंच. सिग्नल ०.६ ला गप्प उभा, आउटपुटचा काटा हलतोय. ड्रेन उघडला तर ताकासारखं पांढरट पाणी आलं, तेलाचा वास मारत होतं. स्प्रिंग ०.२ ते १.० चीच आहे.

प्रतिसाद २

तेल-पाणी असं येतंय म्हणजे पोझिशनरच्या रिलेत (नोझलच्या दाबावरून आउटपुटची हवा देणारा भाग) आणि नोझलवर पण बसलेलंच असणार. नोझलला हवा देणारं बारीक भोक, म्हणजे फिक्स्ड ऑरिफिस, तुंबला की नोझलचं बॅक प्रेशर पडतं आणि आउटपुट खाली जातं, नोझल तुंबला तर उलटं, आउटपुट चढून बसतं. ऑरिफिस अर्धवट तुंबला की हवा सावकाश भरते, तुमच्या उडीत त्याचाही वाटा असणार.

पण हंटिंगसाठी मी आधी स्टेमची जागा पोझिशनरला कळवणारी फीडबॅक लिव्हर हातानं हलवून बघेन. स्टेमला जोडणारी पिन आणि तिचं भोक झिजलं की खेळ येतो, पोझिशनरला स्टेमची खरी जागा कळत नाही आणि तो सारखा भरत-सोडत राहतो. लिव्हर ५० टक्के स्ट्रोकला स्टेमशी काटकोनात आहे का तेही बघा. ग्लँड (स्टेमभोवतीचं पॅकिंग) पण तपासा. गळती दिसली की फिटर पाना घेऊन आवळत सुटतात, स्टेम जाम होतो आणि शिवी पोझिशनरला बसते.

धागाकर्ता

पिनचं भोक अंडाकृती झालंय, लिव्हर बोटानं हलवली तरी खडखडते. बेळगावच्या उद्यमबागेत एकाकडून लेथवर जाड पिन करून घेतली, भोक रीम करून बसवली. हंटिंग गेलं. ५० टक्क्यांवर ठेवला, आउटपुटचा काटा हलला नाही. पॅनवाल्यांचा फोन पण नाही. झिरो-स्पॅन परत लावून घेतलं.

पहाटेची उडी अजून थोडी आहे. कॉम्प्रेसरवाले ड्रायर बघतायत. ऑरिफिस साफ करायला कुठली तार घालू?

प्रतिसाद २

लोखंडी तार अजिबात नको, भोक मोठं झालं की रिले गेला. काही मेकमध्ये ऑरिफिस साफ करायला दाबायचा प्लंजरच असतो, तुमच्यात आहे का बघा. नसेल तर सप्लाय बंद करून ऑरिफिस काढा, सॉल्व्हंटमध्ये बुडवा आणि उलट्या बाजूनं कोरडी हवा मारा. रबरी डायफ्रामला सॉल्व्हंट लागू देऊ नका. आणि हे ड्रायर नीट झाल्यावरच करा हो, नाहीतर आठवड्यात परत तेच.