मदत हवी आहे: डिलिव्हरीसाठी शेअरिंग रूम की सिंगल? (पुणे)

नमस्कार. मला ३४ वा आठवडा चालू आहे, पहिलंच बाळंतपण. बीपी, शुगर ठीक, बाळाचं डोकं खाली आहे, त्यामुळे नॉर्मलची वाट बघू असं डॉक्टर म्हणतात. राहायला वारज्यात.

घराजवळच्या मॅटर्निटी होममध्ये एनआयसीयू (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग) नाही, म्हणून ते सोडलं. कर्वे रोडकडचं मोठं हॉस्पिटल नक्की केलंय, तेव्हा नवीन नावं सुचवू नका प्लीज! अडलंय ते रूमवर.

बिलिंग काउंटरवर चौकशी केली. सिंगल घेतली की नुसतं भाडं वाढत नाही. ऑपरेशन थिएटर, भूलतज्ज्ञ, डॉक्टरांची व्हिजिट, सगळ्याचे दर रूमप्रमाणे चढतात. पॅकेजच्या कागदावर खाली बारीक अक्षरात ‘बालरोगतज्ज्ञ व औषधे वेगळी’. नवऱ्याच्या कंपनीच्या पॉलिसीत मॅटर्निटीला ७५ हजारांची मर्यादा, आणि रूमभाडं ठरलेल्या रकमेच्या वर गेलं तर बाकी बिलातही त्याच प्रमाणात कात्री लागते, असं टीपीएवाल्यांनी (विम्याचे क्लेम बघणारी कंपनी) सांगितलं. वरचे पंचवीस-तीस हजार खिशातून घालू शकतो, त्यापुढे नाही.

शेअरिंगमध्ये सोबतच्या माणसाला फक्त खुर्ची. रात्री आई थांबणार, तिचे गुडघे धड नाहीत. मधे नुसता पडदा, पलीकडे दुसऱ्या बाळंतिणीचे पाहुणे. दूध पाजायला तिथे जमतं का?

सिझेरियन होऊन शेअरिंगमध्ये राहिलेल्यांनी जरूर लिहा. आणि मुख्य म्हणजे, डिलिव्हरी शेअरिंगच्या दरात होऊन नंतर सिंगलमध्ये गेलं, तर वाढीव दर त्या दिवसापासून लावतात की अख्ख्या बिलाला?