फ्रेंच अझिलम: खरंच राणीसाठी वसवलेलं गाव?

शंकासुर:
मंडळी, अमेरिकेतल्या पेनसिल्वेनियात सस्क्वेहाना नदीकाठी 'फ्रेंच अझिलम' नावाचं ठिकाण आहे. क्रांतीच्या धामधुमीत फ्रान्समधून जीव मुठीत घेऊन पळालेल्या सरदार-दरकदारांनी १७९३ साली वसवलेलं गाव. जिथे वाचावं तिथे एकच गोष्ट: हे गाव म्हणे राणी मारी आंत्वानेतसाठी बांधलं. यात खरं किती आणि पदरचं किती? आणि दहा वर्षांत गाव उठलं कसं? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

नदीकाठचा:
मी याच भागात राहतो. भारतातून पाहुणे आले की रूट ६ वर गाडी थांबवावीच लागते, कारण तिथल्या पॉइंटला राणीचंच नाव दिलंय. वरून पाहिलं की नदीने घेतलेलं मोठं वळण दिसतं आणि वळणाच्या पोटात सपाट शेतं. तेच अझिलम. त्या वेळचं एकही घर आज उभं नाही. जुनं म्हणून दाखवतात ते लापोर्त हाउस, म्हणजे वसाहतीतल्या एकाच्या मुलाने १८३६ मध्ये बांधलेलं घर.

आता राणी. तिचा शिरच्छेद १६ ऑक्टोबर १७९३ ला झाला. इथे झाडं तोडायला सुरुवात झाली तीही त्याच सुमारास. बातमी जहाजाने यायची, म्हणजे महिना-दोन महिने धरा. कुणी मनात आशा धरली असेलच तर ती पहिल्याच हिवाळ्यात संपली. तरी 'ला ग्रांद मेझों', म्हणजे मोठी हवेली, उभी राहिली: ८४ बाय ६० फुटांची, दुमजली, नुसत्या ओंडक्यांची. राणी आली नाही, पण फ्रेंच मुत्सद्दी तालेरां येऊन गेला आणि पुढे १८३० मध्ये फ्रान्सचा राजा झालेला लुई फिलिपही. हे सोडून लोक राणीचंच घेऊन बसतात.

माझ्या मते राणीपेक्षा जमिनीचा धंदा मोठा. पैसा रॉबर्ट मॉरिस आणि जॉन निकल्सन या जमिनींचा सट्टा खेळणाऱ्यांचा. सुमारे १६०० एकर घेतले, त्यातल्या ३०० एकरांवर गावठाण आखलं: अर्ध्या-अर्ध्या एकराचे ४१३ प्लॉट, मधोमध दोन एकरांचा चौक. एखाद्या एनए प्लॉटिंगच्या जाहिरातीत शोभावं असं! वर १७९४ मध्ये कंपनी काढली ती दहा लाख एकरांची स्वप्नं दाखवत. प्रत्यक्षात टायटलचीच बोंब. या पट्ट्यावर कनेक्टिकट आणि पेनसिल्वेनिया या दोन्ही राज्यांनी हक्क सांगितलेला, त्यामुळे आधीच बसलेल्या कनेक्टिकटवाल्यांनाही पैसे मोजावे लागले.

तिरकस:
आणि त्याच्याही आधी जमीन कुणाची होती, ते राहिलंच. १७७९ मध्ये अमेरिकन जनरल सलिव्हनची फौज याच नदीने वर गेली ती इथल्या मूळच्या इरोक्वॉय लोकांची गावं आणि उभी पिकं जाळायला. 'ओसाड जंगल' असं आपोआप होत नाही.

दुसरं म्हणजे सगळे पॅरिसहून आलेले नव्हते. बरेच सां-दोमांगहून, म्हणजे आजच्या हैतीतून आले, तिथे १७९१ मध्ये गुलामांनी उठाव केल्यावर. इथे पेनसिल्वेनियात १७८० पासून गुलामगिरी टप्प्याटप्प्याने बंद करणारा कायदा होता. येताना गुलाम आणले तरी ते कायमचे ठेवता येत नव्हते. बिचाऱ्या मळेवाल्यांची पंचाईत!

शंकासुर:
दोघांचेही आभार. पण गाव उठलं कसं, ते सांगा की.

नदीकाठचा:
पैशाचा झरा आटला. मॉरिसने म्हणजे ज्याने अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाला पैसा उभा करून दिला त्याने, जमिनींच्या सट्ट्यात हात पोळून घेतले आणि १७९८ मध्ये कर्जबुडव्यांच्या तुरुंगात गेला. निकल्सन तर १८०० मध्ये तुरुंगातच मेला. १८०२ मध्ये नेपोलियनने बहुतेक परागंदा लोकांना माफी दिली. खिडक्यांना काचा आणि भिंतींना वॉलपेपर लावला तरी ओंडक्यांच्या घरात कोण राहतो? बरेच फ्रान्सला परतले, काही दक्षिणेच्या शहरांकडे गेले. लापोर्त, ओमे अशी मोजकी घराणी शेती धरून राहिली.

मला या सगळ्यात खरा चटका लावतो तो व्हायकाउंट द नोआय. गावाच्या दोन मुख्य कर्त्यांपैकी एक, अमेरिकेच्या बाजूने लढलेला फ्रेंच सेनानी लाफायेत याचा साडू. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात यॉर्कटाउनला इंग्रजांच्या शरणागतीच्या वाटाघाटीत होता. ४ ऑगस्ट १७८९ च्या रात्री सरदारांचे विशेष हक्क काढून टाका असा ठराव मांडणाराही हाच! पुढे त्याच क्रांतीपासून पळून इथे आला आणि जुलै १७९४ मध्ये तिकडे त्याची बायको, सासू आणि आजेसासू एकाच दिवशी गिलोटिनवर गेल्या. नोआय फ्रान्सला परतून सुखाने राहिलाच नाही. पुन्हा सैन्यात गेला, १८०४ मध्ये समुद्रावरच्या लढाईत जखमी झाला आणि हवानात वारला.

तिरकस:
दुपेती-तुआर विसरलात. हा आरमारी अधिकारीही इथे काही काळ रानात जमीन साफ करत होता. परत गेला आणि १७९८ मध्ये इंग्रज आरमाराशी झालेल्या नाईलच्या लढाईत 'तोनां' जहाजावर लढता लढता मेला. शेजारच्या डुशोर गावाला त्याचंच नाव आहे. पाहुण्यांना तिकडेही न्या, रूट ६ वरच्या पॉइंटवर फोटो काढून पुरे करू नका.