शब्दचर्चा : मोठ्या क्लबच्या ‘लायकीचा’ स्ट्रायकर?

प्रश्न : फुटबॉलवरच्या मराठी लेखांत आणि समालोचनात एक वाक्य सतत भेटतं : ‘स्ट्रायकर चांगला आहे, पण मोठ्या क्लबच्या लायकीचा नाही.’ यातला ‘लायकीचा’ कानाला खटकतो. कुठे ‘तोडीचा’, कुठे ‘दर्जाचा’, तर कुठे ‘कुवतीचा’ असंही वाचलं आहे. हे सगळे एकाच अर्थाचे धरायचे का?

प्रतिसाद : एकाच अर्थाचे मुळीच नाहीत, आणि स्ट्रायकरच्या, म्हणजे गोल करण्यासाठी सर्वांत पुढे खेळणाऱ्याच्या, बाबतीत हा फरक फार महत्त्वाचा ठरतो.

‘लायक’ मूळचा अरबी, आपल्याकडे फारसीवाटे आला. मूळ अर्थ ‘योग्य’ एवढाच. पण मराठीत लायकी ‘काढली’ जाते आणि ‘नालायक’ ही तर सरळ शिवी आहे. एखाद्याचा खेळ एका संघाला जुळत नाही, एवढं सांगण्यासाठी त्या माणसाची लायकी काढायचं कारण नाही. हा शब्द इथून हद्दपारच करावा.

‘तोडीचा’ म्हटलं की ‘कोणाच्या?’ हा प्रश्न येतोच. ‘हालंडच्या तोडीचा’ हे ठीक, कारण २०२२-२३ मध्ये इंग्लंडच्या प्रीमियर लीगच्या एका हंगामात ३६ गोल करणाऱ्या माणसाशी दुसऱ्या माणसाची तुलना होऊ शकते. ‘क्लबच्या तोडीचा’ मात्र चुकीचं आहे. खेळाडूची तोड खेळाडूशीच.

‘दर्जा’ हा शब्द सर्वांत जास्त फसवतो, कारण तो गोलांच्या आकड्यावरून ठरवला जातो. मातेया केझमननं पीएसव्हीकडून २००२-०३ मध्ये डच लीगमध्ये ३५ गोल केले. लुइस सुआरेझनं आयाक्सकडून २००९-१० मध्ये त्याच लीगमध्ये ३५च केले. केझमन २००४ मध्ये चेल्सीत गेला. बऱ्याचदा बदली खेळाडू म्हणून उतरला, लीगमध्ये ४ गोल केले आणि एका हंगामात तिथून बाहेर पडला. सुआरेझनं लिव्हरपूलकडून २०१३-१४ मध्ये ३१ गोल केले. लीग तीच, आकडा तोच. आकड्यावरून दर्जा ठरवणाऱ्याला या दोघांत फरक दिसायला जागाच नव्हती.

मग फरक दिसतो कुठे? इथे ‘कुवत’ आणि ‘वकूब’ हे दोन शब्द कामाला येतात. दोन्ही अरबीतून आलेले. कुवत म्हणजे ताकद : वेग, उडी, फटक्यातला जोर. ‘वकूब’चं मूळ जाणकारीकडे, समजेकडे जातं, ‘बेवकूफ’ त्याच घरातला. आज आपण दोन्ही शब्द सरमिसळ वापरतो. पण स्ट्रायकर बघताना ते वेगळे ठेवले तर बरंच काही उलगडतं.

एक साधा क्रॉस, म्हणजे मैदानाच्या कडेवरून गोलसमोर टाकलेला चेंडू, बघा. चेंडू विंगरच्या, म्हणजे कडेनं खेळणाऱ्याच्या, पायात आहे आणि बचावपटूचे डोळे चेंडूवर आहेत. अशा वेळी जाणता स्ट्रायकर आधी गोलच्या लांबच्या खांबाकडे सरकतो, म्हणजे बचावपटूच्या खांद्यामागे, त्याच्या नजरेआड. विंगरनं मान वर केली रे केली की दोन पावलांत तो बचावपटूच्या पुढून जवळच्या खांबाकडे घुसतो. चेंडूला पाय एकदाच लागतो. सगळं दोन-तीन सेकंदांत उरकतं आणि टीव्हीवर फक्त शेवटचा स्पर्श दिसतो. तो स्पर्श कुवतीचा, आधीची सरक वकुबाची. मोठ्या क्लबसाठी खेळाडू हेरणाऱ्यांनी ही सरक बघायला हवी, चेंडू आला नाही तेव्हाही.

माझं मत विचाराल तर नेमका शब्द आहे ‘जोगा’. ‘योग्य’चाच तद्भव. सांगण्याजोगा, पाहण्याजोगा म्हणतो तसा ‘या संघाजोगा’. हा शब्द एकटा उभाच राहत नाही, कशाजोगा ते सांगावंच लागतं. आणि नेमका तोच प्रश्न आहे. जेमी व्हार्डीनं २०१५-१६ मध्ये २४ गोल करून लेस्टरला विजेतेपद मिळवून दिलं, ते प्रामुख्यानं बचावफळीच्या मागच्या मोकळ्या मैदानात धाव घेऊन. त्या उन्हाळ्यात आर्सेनलनं त्याला मागणी घातली. त्यानं नकार दिला. तेव्हाचा खरा प्रश्न व्हार्डी चांगला आहे का, हा नव्हताच. समोरचा संघ दहा माणसं स्वतःच्या गोलक्षेत्रापाशी उभी करतो, तिथे मागे मोकळं मैदान उरणार किती, हा होता. चेंडू सतत स्वतःकडे ठेवणाऱ्या प्रत्येक बड्या संघाच्या वाट्याला असेच सामने जास्त येतात.

आक्षेप : ‘जोगा’ पुस्तकी वाटतो. मैदानावर कोणी असं बोलत नाही. ‘हा संघात बसतो का?’ असंच विचारतात.

प्रतिसाद : ‘बसतो’ उत्तमच आहे, बोलताना मीही तोच वापरतो. लेखात जिथे विशेषण हवं तिथे ‘जोगा’ घ्या, एवढंच. अर्थ तोच राहतो : संघ आणि खेळाडू दोन्ही एकदम बघायचे. ऑलिव्हिए जिरू २०१८च्या विश्वचषकात फ्रान्सचा मुख्य स्ट्रायकर होता. संपूर्ण स्पर्धेत त्याचा एकही गोल नाही, एकही फटका गोलच्या रोखानं नाही, आणि फ्रान्स विश्वविजेता. बचावपटूंना अंगावर घेऊन तो ग्रीझमन आणि एम्बापेसाठी जागा काढत होता. त्याला ‘दर्जा नाही’ म्हणणाऱ्यांना हे काम दिसलंच नाही. बेन्झेमाचंही तेच. २०१७-१८ मध्ये रियल माद्रिदकडून लीगमध्ये अवघे ५ गोल, तेव्हा तो रोनाल्डोसाठी वाट मोकळी करत होता. रोनाल्डो क्लब सोडून गेला आणि २०२१-२२ मध्ये त्याच बेन्झेमाचे २७ झाले.

पुरवणी प्रश्न : ‘फॉर्म’ला मराठी शब्द? आणि ‘एक्सजी’ला (एक्स्पेक्टेड गोल्स)?

प्रतिसाद : ‘फॉर्म’ला फॉर्मच म्हणावं, रुळला आहे. फक्त फॉर्म गेला म्हणजे कुवत गेली असं लिहू नये, आणि कुवत गेली असेल तिथे नुसता फॉर्म गेला असंही. फर्नांडो टोरेसला चेल्सीनं जानेवारी २०११ मध्ये ५ कोटी पौंडांना घेतलं. उरलेल्या हंगामात लीगमध्ये त्याचा एक गोल झाला. ‘फॉर्म हरवला’ असंच सगळीकडे छापून येत होतं. पण आदल्या वर्षी त्याच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाल्या होत्या, आणि बचावपटूला मागे टाकणारी पहिली चार पावलं हेच त्याचं हत्यार होतं.

‘एक्सजी’साठी ‘अपेक्षित गोल’ लिहितात. मला ‘संभाव्य गोल’ बरा वाटतो. कोणी कसली अपेक्षा धरलेली नसते. तशा जागेवरून, तशा स्थितीत मारलेल्या फटक्यांपैकी किती आत जातात, त्याचं ते प्रमाण आहे. पेनल्टीची किंमत साधारण पाऊण गोल धरतात. एखाद्या हंगामात संभाव्य गोलांपेक्षा खूप जास्त गोल झाले तर भाव वधारतो, पण तो जादा वाटा पुढच्या हंगामात टिकेलच असं नाही. चांगल्या जागी वारंवार पोहोचणं मात्र बऱ्यापैकी टिकतं. म्हणजे पुन्हा वकूबच.

आणखी एक प्रश्न : गोलसमोर घुटमळून सैल चेंडू आत ढकलणाऱ्याला ‘संधीसाधू’ म्हणावं का?

प्रतिसाद : नको. मराठीत संधीसाधू म्हणजे स्वार्थी, आणि ही छटा पुसता येत नाही. गेर्ड म्युलरनं १९७१-७२ मध्ये बुंडेसलिगात ४० गोल केले, त्यातले कितीतरी असे जवळून ढकललेले. त्याला ‘संधी हेरणारा’ म्हणा.